आत्मा ठेवू का काढू?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचे काका गेले. वय झालंच होतं, शेवटचे दोन महिने तर जीव नुसता घुटमळत होता. त्यांचा मुलगा आणि मी पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्धांकडच्या तेरवीसारख्या, कार्यक्रमाचा फ्लेक्स छापायला नागपूरच्या मेडिकल चौकाकडच्या एका दुकानात गेलो. तिथे कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराकडे सगळं तयार असतं, एका कोपऱ्यात समई, दुसऱ्यात कमळ, मधे फोटोसाठी गोल आणि खाली "ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो". शेजारी बौद्ध. मुलगा म्हणाला समई काढ, बुद्धांचा फोटो टाक, बाबासाहेबांचा टाक, ईश्वर काढ. पोराने पटापट काढलं, त्याला हे नवीन नव्हतं. मग माऊस पुढच्या शब्दावर नेऊन त्याने मान वळवली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "दादा, आत्मा ठेवू का काढू?"

दोघंही हसलो, दुखवट्यात हसू नये तरी. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना, कारण "काढ" म्हणणं सोपं होतं पण काढलं म्हणजे नक्की काय काढलं हे मला धड सांगता आलं नसतं. आणि ज्यांच्या फ्लेक्सवर तो शब्द राहतो त्यांना तरी कुठे सांगता येतं?

आधी आपल्या बोलण्याकडेच बघा. मराठीत आपण दिवसभर वापरतो तो शब्द जीव. जीव लावतो, जीव टाकतो, जीव टांगणीला लागतो, जीव की प्राण असतं, पोराला ओरडताना "जीव घेशील का माझा" म्हणतो. प्राण थोडा गंभीर, तो कंठाशी येतो, तळमळतो. आणि आत्मा? आत्मा आपल्याकडे दोनच ठिकाणी मनापासून येतो, एक श्रद्धांजलीत आणि दुसरं जेवणात, म्हणजे सावजीचं तिखट रस्सा-भाकरीचं ताट संपवून ढेकर दिल्यावर "आत्माराम थंड झाला" म्हणतात तिथे. ऋषीमुनींनी ज्याला खायला-प्यायला काही लागत नाही म्हणून सांगितलं त्याला आपण पोटात नेऊन बसवलं, आणि मला तरी हे आवडतं.

मागे जायचं तर नागपुरात पुस्तकाआधी दगड आहेत. काटोल रोडने बाहेर पडलं की जुनापाणीला मोठमोठ्या दगडांची वर्तुळं दिसतात, तीनशेच्या आसपास आहेत, काहींवर वाटीएवढे खळगे कोरलेले. तिकडे माहूरझरीला, टाकळघाटला, रामटेककडच्या नैकुंडलाही तशीच. ही लोखंड वापरणाऱ्या माणसांची पुरण्याची जागा, इसवीसनाच्या आधीची. मेलेल्यासोबत मातीची भांडी, लोखंडी हत्यारं ठेवलेली आणि माहूरझरीला तर घोडेसुद्धा, त्यांच्या तोंडावरच्या तांब्याच्या साजासकट. त्या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवलं नाही, त्यामुळे त्यांच्या भाषेत आत्म्याला काय म्हणत ते कळायला मार्ग नाही, पण जो माणूस पूर्णपणे संपला त्याच्यासाठी कोणी चांगला घोडा मातीत घालत नाही एवढं तर कोणालाही कळतं.

आता शब्द. आत्मन् हा शब्द ऋग्वेदात येतो तेव्हा त्याच्या अंगावर वेदान्ताचे कपडे नाहीत, तिथे तो बऱ्याचदा सरळ श्वास आहे. दहाव्या मंडळातलं सोळावं सूक्त चितेचं आहे, त्यात मेलेल्याला उद्देशून म्हटलंय, "सूर्यं चक्षुर्गच्छतु वातमात्मा", डोळा सूर्याकडे जाऊ दे, आत्मा वाऱ्याकडे जाऊ दे, आणि पुढे तू आकाशात जा, पृथ्वीत जा, पाण्यात जा, वनस्पतींमध्ये रहा. म्हणजे माणूस ज्या ज्या गोष्टींचा बनला त्या त्या गोष्टींना हप्त्याहप्त्याने परत करून टाकायचा. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशोब तिथे अजून उघडलेला दिसत नाही.

आणि ही श्वासाची गोष्ट फक्त आपली नाही. हिब्रूतला रुआख म्हणजे वारा, श्वास आणि देवाचा आत्मा, तिन्ही. ग्रीकमधला न्यूमा तसाच, प्स्यूखे हा दुसरा ग्रीक शब्दसुद्धा फुंकर-श्वासातूनच निघालेला, लॅटिनमधला स्पिरितुसही श्वासच. अरबीत रूह, आणि वाऱ्याला रीह, एकाच धातूची भावंडं. जगात सगळीकडे माणसाने मरणाऱ्याच्या नाकापुढे सूत धरलं असणार, सूत हलायचं थांबलं तेव्हा जे गेलं त्याला नाव दिलं, आणि मग पुढची हजारो वर्षं ते कुठे गेलं यावर भांडणं.

भांडणाची सुरुवात कुठे झाली ते मला बृहदारण्यक उपनिषदातल्या एका छोट्याशा प्रसंगात दिसते. जनकाच्या सभेत सगळे पंडित याज्ञवल्क्याला प्रश्न विचारतायत, त्यात आर्तभाग नावाचा एक जण उठतो आणि बरोबर त्या चितेच्या सूक्ताचंच शेपूट पकडतो. म्हणतो, माणूस मेला, वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात गेला, डोळा सूर्यात, शरीर मातीत, मग तो माणूस स्वतः राहतो कुठे? सवाल बिनतोड. यावर याज्ञवल्क्य भर सभेत उत्तरच देत नाही. म्हणतो, बाबा, हात दे तुझा, हे आपण दोघंच जाणू, चारचौघांत बोलायचं नाही हे. दोघं बाजूला जातात. आणि उपनिषद सांगतं की ते जे बोलले ते कर्माबद्दल बोलले, चांगल्याने चांगला होतो आणि वाईटाने वाईट. बस. म्हणजे "उरतं काय" याचं त्या ठिकाणचं उत्तर आत्मा असं नाहीये, कर्म असं आहे! मला हे वाचून गंमत वाटली होती कारण पुढे त्याच उपनिषदात आत्म्याबद्दल नेति नेति वगैरे एवढं येतं की हा प्रसंग झाकूनच जातो.

मग उपनिषदांनी आत्म्याला श्वासातून उचलून एकदम वर नेला. न जन्मणारा, न मरणारा, आणि तोच ब्रह्म. कठोपनिषदात तो अंगठ्याएवढा पुरुष म्हणूनही आहे. हा अंगठ्याएवढा पुरुष आपल्या बायकांना जास्त ओळखीचा असायला हवा, कारण महाभारतातल्या सावित्रीच्या गोष्टीत यम सत्यवानाच्या अंगातून अंगठ्याएवढाच पुरुष फासात बांधून ओढून काढतो आणि दक्षिणेकडे चालायला लागतो, वटपौर्णिमेचा सगळा खटाटोप त्या अंगठ्यासाठी. गीतेने मग ते जुने कपडे टाकून नवे घालण्याचं उदाहरण दिलं, शस्त्रं कापत नाहीत, आग जाळत नाही. इथपर्यंत सगळं ठीक.

पण मग "मृतात्मा" हा शब्द आला कुठून? जो मरतच नाही तो मृत कसा? आणि जो शांतच आहे त्याला चिरशांती कशाला द्यायची? गीता खरी मानली तर फ्लेक्सवरची ओळ चुकीची आहे आणि ओळ खरी मानली तर गीता. हे कोणी तेरवीला बोलत नाही, बरोबरच आहे, तिथे लोक जेवायला बसलेले असतात.

माझं म्हणणं असं की शांती ज्याला हवी असते तो उपनिषदातला आत्मा नव्हेच, तो आहे प्रेत. आणि प्रेत म्हणजे मुडदा नाही, प्रेत म्हणजे "पुढे निघालेला", जो इथून सुटला पण तिथे पोचला नाही असा. गरुडपुराणाच्या हिशोबाने पहिल्या दिवसाच्या पिंडाने त्याचं डोकं तयार होतं, मग मान-खांदे, असं करत दहा दिवसांत त्याला एक नवं शरीर मिळतं आणि मिळाल्यावर पहिल्यांदा काय लागते तर भूक. मग सपिंडीला त्याचा पिंड बाप-आजा-पणजाच्या पिंडांत मिसळतात की तो प्रेताचा पितर झाला. रामटेकला अंबाळा तलावावर हे सगळं जवळून बघायला मिळतं. माझ्या आजोबांच्या वेळेस आम्ही उन्हात दीड तास कावळ्याची वाट बघत बसलो होतो, पिंडावर भाताचं शीत सुकून पांढरं कडक झालं होतं, कावळे समोरच्या झाडावर बसलेले पण एकही शिवेना, शेवटी आत्या उठून हात जोडून जोरात म्हणाली "बाबा, धाकट्याचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी नका करू" आणि खरं सांगतो दोन मिनिटांत कावळा आला. योगायोग असेल. पण त्या दीड तासात कोणाच्या डोक्यात अजन्मा अविनाशी आत्मा नव्हता, सगळ्यांच्या डोक्यात आजोबा होते, चिडलेले, भुकेले, आणि कशावर तरी अडून बसलेले. आत्म्याला शांती म्हणजे हे. आपण शब्द उपनिषदाचा घेतला आणि त्यात माणूस गरुडपुराणातला बसवला.

मराठीत तर यावर सुरुवातीपासूनच दोन पार्ट्या आहेत, आणि दोन्ही विदर्भातल्या म्हटल्या तरी चालेल. मुकुंदराजाचा विवेकसिंधू शके १११० म्हणजे ११८८ चा मानतात, जुन्यातला जुना मराठी ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात, आणि तो वैनगंगेकाठी आंभोऱ्याला लिहिला असं आपल्याकडचे सांगतात (अंबाजोगाईवाले मानत नाहीत, त्यांचा स्वतःचा दावा आहे, तो वाद आज नको). त्यात शुद्ध अद्वैत, जीव आणि ब्रह्म एकच. पुढे शंभरेक वर्षांत तिकडे रिद्धपूर गाजवणाऱ्या महानुभावांनी एकदम उलट सांगितलं, की जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगवेगळे आणि चारही अनादी, जीव काही केल्या परमेश्वर होणार नाही, त्याला सान्निध्याचा आनंद मिळेल, पण तो जीवच राहील. आणि लक्षात घ्या, शब्द वापरला तो जीव. जैनांचाही तोच, रामटेकच्या शांतिनाथ मंदिरात कोणालाही विचारा, पाण्याच्या थेंबातसुद्धा जीव. बोलीत जीव एवढा खोल का रुतलाय याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

आता ज्यांनी "काढ" म्हटलं त्यांच्याकडे. बुद्धाने अनत्ता सांगितलं, न बदलणारा, आतला मालक असा कोणी नाहीच. मग मिलिंद राजाने नागसेन भिक्खूला तेच विचारलं जे कोणीही विचारेल, की मग तू कोण? नागसेनाने रथाचं उदाहरण दिलं, आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, नाही ना, सगळं जुळून आलं की त्याला रथ म्हणतात, तसं नागसेन हे नाव. आणि पुनर्जन्म? एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात गेलं का?

हे सगळं पोथीत होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ते एकदम घराघरांत आलं, कारण बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. तत्त्वज्ञान बाजूला ठेवा, त्या एका वाक्याने लाखो लोकांच्या घरांतला कावळा, पिंड, भटजी, सुतक, सगळं बंद व्हायला सुरुवात झाली. आमच्या शेजारच्या काकांचे वडील त्या गर्दीत होते, काका तेव्हा शाळकरी, बापाच्या खांद्यावरून काही दिसलं नाही फक्त धूळ आणि पांढरे कपडे दिसले असं ते सांगायचे.

पण बाबासाहेबांनी प्रश्न टाळला नाही हे महत्त्वाचं. त्यांचा बुद्ध आणि धम्मावरचा ग्रंथ ते गेल्यावर १९५७ मध्ये आला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच चार अडचणी मांडल्यात, त्यातली एक सरळ ही की आत्मा नाही म्हणता तर कर्म आणि पुनर्जन्म कसले? आणि ग्रंथात उत्तर देतात ते असं, शरीर चार महाभूतांचं, पृथ्वी, आप, तेज, वायू. माणूस मेला की ही चार नष्ट होत नाहीत, बाहेर असलेल्या त्याच त्या भूतांच्या साठ्यात मिसळतात, आणि त्या साठ्यातून पुन्हा जुळून येतं तो पुनर्जन्म, पण तेच सगळे कण तसेच परत एकत्र आले पाहिजेत असं नाही, आणि त्यात आत्म्याचा काही संबंध नाही. मला हे वाचताना दर वेळी ते चितेचं सूक्त आठवतं. वारा वाऱ्याला, पाणी पाण्याला. बाबासाहेब त्या बाजूने आलेले नव्हते आणि त्यांना ही तुलना आवडली असती असंही नाही, त्यांचा रस्ता पालीतून आणि विज्ञानातून येतो. पण आर्तभागाचा सवाल दोघांच्या मधोमध उभा आहे, फक्त याज्ञवल्क्याने हात धरून बाजूला नेलं आणि इथे ते छापून सगळ्यांसमोर ठेवलं.

तिसरी बाजू स्कॉटलंडहून आली. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून इकडे आले, त्यांच्याच नावाचं आपलं हिस्लॉप कॉलेज. धर्मप्रचार करता करता हा माणूस दगडं गोळा करायचा, गोंडांची गाणी उतरवून घ्यायचा. ४ सप्टेंबर १८६३ ला ते टाकळघाटची ती दगडी वर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. मेलेल्यांची जागा बघायला गेलेला माणूस असा गेला. त्यांचे कागद नंतर रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले.

मिशनऱ्यांपुढे अडचण शब्दाची होती. बायबलमध्ये न्यूमा वेगळा, प्स्यूखे वेगळा, मराठीत काय लिहायचं? ढोबळमानाने न्यूमाला आत्मा दिला, म्हणून पवित्र आत्मा, आणि प्स्यूखेला बऱ्याच ठिकाणी जीव. थेस्सलनीकाकरांच्या पत्रात एकाच ओळीत "आत्मा, जीव व शरीर" असं येतं, तीन वेगळे. पण मत्तयात शरीर मारणाऱ्यांना भिऊ नका म्हणतात तिथे त्याच प्स्यूखेला आत्मा केलंय. सगळ्यात पंचाईत योहानाच्या तिसऱ्या अध्यायात. तिथे येशू म्हणतो वारा पाहिजे तिकडे वाहतो, तसाच आत्म्यापासून जन्मलेला माणूस, आणि ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा दोन्हीला न्यूमाच आहे, तो श्लेष आहे. मराठीत एकदा वारा आणि एकदा आत्मा लिहावं लागलं, श्लेष गेला. वैदिक ऋषीच्या जमान्यात मराठी असती तर कदाचित राहिला असता, तेव्हा आपलाही आत्मा वाऱ्याजवळचा होता. पण तोवर वेदान्ताने त्याला अचल, स्थाणू करून टाकलेला. आणि जो आत्मा आधीच ब्रह्म आहे तोच शब्द घेऊन "आत्म्याचं तारण" सांगायचं म्हणजे ऐकणारा काय समजत असेल देव जाणे.

ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात गेलं की शब्द बदलतो, रूह. कुराणात एका ठिकाणी लोक पैगंबरांना रूहबद्दल विचारतात आणि उत्तर येतं की रूह माझ्या रब्बच्या हुकुमातली गोष्ट, तुम्हाला यातलं ज्ञान थोडंच दिलंय. किती बरं उत्तर! नफ्स हा वेगळा, हावरा, ज्याला आवरायचं. ताजुद्दीन बाबा १८६१ ला कामठीत जन्मले, सोळा वर्षं नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात काढली, मग राजे रघुजीराव भोसले त्यांना शक्करदऱ्याच्या राजवाड्यात घेऊन आले, १९२५ मध्ये बाबा गेले. त्यांचा उरूस भरतो, आणि उरूस या शब्दाचा मूळ अर्थ लग्न. आपल्याकडे पुण्यतिथीला लोक तोंडं पाडून बसतात, तिकडे रूह घरी पोचली म्हणून वरात. आणि अत्तरवाल्याला विचारा, खसाच्या मुळ्यांतून निघणाऱ्या शुद्ध अर्काला तो रूह खस म्हणतो. इंग्रजीतही तेच, भट्टीवर उकळून जी वाफ थंड करून धरली ते स्पिरिट, म्हणून इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात तेही स्पिरिटच.

गोंडांना यात मधे एका परिच्छेदात बसवणं बरोबर नाही, शहर तर बख्त बुलंद शहाने वसवलेलं. पण एवढं सांगतो की गोंडांमध्ये जीव वेगळा आणि मेल्यानंतरचा माणूस, सानाल, वेगळा मानतात. जीव ज्याने पाठवला त्याच्याकडे परत जातो, सानाल मात्र आपल्याच कुळात, पूर्वजांत आणि पेनात, म्हणजे कुळाच्या देवात, सामील होतो. प्रेत-पितर-आत्म्याचा आम्ही जो घोळ करून ठेवलाय तो त्यांनी दोन शब्दांत सोडवला होता.

राहिलं भूत. भूत म्हणजे महाभूत, भूत म्हणजे होऊन गेलेलं, म्हणून भूतकाळ, आणि भूत म्हणजे पिंपळावरचं ते. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, पिवळी १८८५ पासूनची सांगतात, आणि अख्खी इतवारी-महाल ओरडते "इडा पिडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत". तिथे कोणाला विचारायचं नाही की इडा पिडा ही स्पिरिट आहे का सोल आहे, ती गावाबाहेर गेली पाहिजे बस. त्याच शहरात १९८२ मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली. आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचला तर त्यात भूत असतं का नसतं यावर सरकारने चकार शब्द काढलेला नाही, भूत काढायच्या नावाखाली माणसाला दोराने-साखळीने बांधलं, मारलं, चटके दिले तर गुन्हा. याज्ञवल्क्यासारखंच केलं, बाजूला नेलं आणि कर्माबद्दल बोलले.

तर त्या दुकानात. शेजारचा दादा म्हणाला आत्मा काढ आणि त्या जागी "अनिच्चा वत संखारा" टाक. संस्कार, म्हणजे जुळून घडलेल्या सगळ्या गोष्टी, अनित्य आहेत, घाटावर भन्तेजी म्हणतात तीच गाथा. पोराने टाइप केलं आणि स्क्रीनवर आलं "अनिच्छा वत संखारा". दादा म्हणे च्छा नाही रे, च्चा. पोरगा म्हणे दादा शब्द तर हाच येऊन राहिला, तुमचा कोणता हाय? मग त्याने एकेक अक्षर तोडून लिहिलं. पैसे देताना पाहिलं, आधीची डिझाइन त्याने उडवली नव्हती, ही वेगळी सेव्ह केली होती, "आत्मा नाही फायनल २" नावाने. म्हणजे आमच्याआधी एक कोणीतरी येऊन गेला होता.